टेबलावरची दरी, मोबाइलमधला चंद्र

कोजागिरीच्या रात्री जळगावात गच्चीवर दूध आटत असते आणि घरातले दोन-तीन मोबाइल आभाळाकडे वळतात. एकाच्या पडद्यावर चंद्र म्हणजे नुसता पांढरा ठिपका, कडा फुटलेल्या. दुसऱ्याच्या पडद्यावर त्याच चंद्रावरचे काळसर डाग स्वच्छ उठलेले, विवरेसुद्धा दिसतात. ज्याचा फोन भारी त्याचे कौतुक होते. पण दोन्ही फोनची भिंगे इवलीशी, चंद्र साडेतीन लाख किलोमीटरहून लांब. मग दुसऱ्या फोनला हे तपशील मिळाले कुठून?

मार्च २०२३ मध्ये एका फोनधारकाने याची अगदी साधी परीक्षा घेतली. चंद्राचे एक चित्र त्याने मुद्दाम लहान आणि धूसर केले, इतके की विवरे पार पुसली गेली. ते संगणकाच्या पडद्यावर लावले, खोलीत अंधार केला आणि लांब उभे राहून सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. पडद्यावर नसलेली विवरे फोटोत आली होती! कंपनीने पुढे खुलासा केला की, समोर चंद्र आहे हे फोन ओळखतो आणि शिकवलेल्या माहितीच्या आधाराने त्यातले तपशील ठळक करतो. हे जमते याचे कारणही खगोलशास्त्रात आहे. चंद्र पृथ्वीला नेहमी एकच बाजू दाखवतो. त्याचा चेहरा हजारो फोटोंत तोच असतो, त्यामुळे यंत्राला तो पाठ करता येतो.

आता या फोटोला खरा म्हणायचे की खोटा? एका शब्दात उत्तर देऊ नये, असे मला वाटते. आधी फोटो बनतो कसा आणि आपण त्यावर विश्वास का ठेवतो, हे पाहायला हवे. त्यासाठी आपल्या खानदेशातच एक उत्तम ठिकाण आहे, चाळीसगाव.

स्टेशनजवळचे घर

कैखुश्रू माणेकजी मूस यांना सगळे केकी मूस म्हणून ओळखतात. जन्म २ ऑक्टोबर १९१२ चा, पारशी कुटुंबातला. इंग्लंडमध्ये कलेचे आणि छायाचित्रणाचे शिक्षण घेऊन ते १९३८ च्या सुमारास चाळीसगावला आईवडिलांच्या घरी परतले आणि ३१ डिसेंबर १९८९ रोजी त्याच घरात वारले. मधल्या सुमारे ५० वर्षांत ते घराबाहेर क्वचितच पडले. रेल्वे स्टेशनजवळच्या या घराला त्यांनी रेम्ब्राँ या डच चित्रकाराचे नाव दिले होते. चित्रे, शिल्पे, कागदाच्या घड्यांची ओरिगामी, संगीत असा त्यांचा व्याप मोठा होता. पण देशात आणि परदेशात त्यांचे नाव झाले ते छायाचित्रांमुळे. त्यांना शेकडो बक्षिसे मिळाली. आज ते घर त्यांच्या नावाच्या कलाप्रतिष्ठानचे संग्रहालय आहे.

त्यांच्या एकांतवासामागची एक प्रेमकथा चाळीसगावात आवडीने सांगितली जाते. मला त्या कथेपेक्षा त्यांचे टेबल जास्त मोलाचे वाटते. घर न सोडणाऱ्या या माणसाने ज्या प्रकारात नाव कमावले, त्याला टेबलटॉप छायाचित्रण म्हणतात. टेबलावर लहान वस्तू मांडायच्या, त्यांवर प्रकाश टाकायचा आणि पाहणाऱ्याला समोर मोठे दृश्य असल्याचा भास होईल असा फोटो घ्यायचा. बाहेरचे जग मूस यांनी घरात आणले नाही, ते त्यांनी टेबलावर घडवले.

टेबलाची दरी कशी होते

समजा, चाळीसगावात बसून आपल्याला बर्फाने झाकलेली डोंगरदरी दाखवायची आहे. हाताशी कापूस आहे, मीठ आहे, वाळलेल्या काटक्या आहेत आणि एक दिवा. कापूस तर खानदेशात घरोघरी. एवढ्यावर फोटो काढला तर तो कापूस-मिठाचाच दिसतो. तो दरीचा दिसावा यासाठी आपल्या मेंदूची एकेक खूण चुकवावी लागते.

पहिली खूण कॅमेरा आपणहून पुसून टाकतो. आपले दोन डोळे एकमेकांपासून सुमारे साडेसहा सेंटिमीटरवर असतात. दोघांना समोरचे दृश्य किंचित वेगवेगळे दिसते आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ठरवतो. हातभर लांबचे काडेपेटीएवढे घर आणि दूरवरचे खरे घर डोळ्यात एकाच आकाराचे उमटले तरी आपण फसत नाही, ते या फरकामुळे. कॅमेऱ्याला मात्र एकच डोळा असतो. त्याने घेतलेल्या चित्रात लहान-जवळचे आणि मोठे-लांबचे यांतला हा भेद शिल्लकच राहत नाही.

दुसरी खूण धूसरतेची. ही सगळ्यांत चिवट. भिंग एका वेळी एकाच अंतरावर नेमके जुळते. त्याच्या थोडे पुढे-मागे असलेलेही स्पष्ट दिसते, त्यापलीकडचे पुसट होते. वस्तू जितकी जवळ, तितका हा स्पष्ट पट्टा अरुंद. फिल्मच्या नेहमीच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचे भिंग लावून १ मीटरवरची वस्तू टिपली आणि भिंगाचे तोंड, म्हणजे ॲपर्चर, मोठे ठेवले (एफ २.८), तर जेमतेम ७ सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. खरी दरी टिपताना असे होत नाही. तिथे शंभर मीटरवरचे झाड आणि दोन किलोमीटरवरचा कडा दोन्ही स्पष्ट असतात. आयुष्यभर हेच पाहत आल्यामुळे पुढचे-मागचे पुसट दिसले की मेंदू लगेच ठरवतो, ही वस्तू लहान आहे, जवळ आहे.

यावर उपाय म्हणजे ॲपर्चर बारीक करणे. तेच भिंग एफ २२ वर आणले तर स्पष्ट पट्टा अर्ध्या मीटरहून थोडा अधिक होतो, म्हणजे टेबलावरची जवळजवळ सगळी मांडणी त्यात बसते. पण तोंड बारीक केले की आत येणारा प्रकाश सुमारे ६० पट कमी होतो. जिथे १ सेकंद पुरे होता तिथे मिनिटभर कॅमेरा उघडा ठेवावा लागतो. माणसाचा फोटो घेताना हे अशक्यच. टेबलावरच्या काटक्या मात्र मिनिटभर काय, तासभरही हलत नाहीत. टेबलटॉपमधला संयम असा भौतिकशास्त्रातून येतो.

तिसरी खूण सावलीची. आकाशातला सूर्य आपल्या डोळ्यापाशी सुमारे अर्ध्या अंशाचा कोन करतो. उन्हातल्या सावलीची कड किती मऊ असावी, हे त्यावरून ठरते. आता ६ सेंटिमीटर व्यासाचा दुधी बल्ब टेबलापासून १ मीटरवर लावला तर त्याचा कोन साडेतीन अंशांच्या आसपास भरतो. काटकीच्या झाडाला मग इतकी मऊ, पसरट सावली पडते की ऊन म्हणून ती पटत नाही. तोच बल्ब साडेसहा मीटर लांब नेला तर कोन सूर्याएवढा होतो. लांब नेण्याचा दुसराही फायदा आहे. जवळच्या दिव्याच्या सावल्या पंख्यासारख्या फाकतात आणि दिव्याजवळचा भाग झगझगीत, लांबचा काळोखा होतो. सूर्य इतका दूर आहे की त्याच्या सावल्या समांतर पडतात आणि सगळ्या शिवारावर उजेड सारखा असतो.

चौथी खूण हवेची. चाळीसगावातून दक्षिणेला पाटणादेवीच्या अंगाला पाहिले की सातमाळ्याच्या जवळच्या रांगा गडद आणि मागच्या रांगा फिकट दिसतात. मधल्या हवेतले धूळ, बाष्प आणि खुद्द हवेचे रेणू प्रकाश विखुरतात, त्यामुळे लांबचा डोंगर आभाळात विरत जातो. टेबलावर मीटरभर हवेत असे काही घडत नाही. म्हणून मागच्या ‘डोंगरां’पुढे तलम कापडाचा पडदा लावावा लागतो किंवा थोडा धूर सोडावा लागतो. कृष्णधवल फोटोत काम आणखी सोपे, कारण तिथे निळसरपणा साधायची गरज नसते, नुसता फिकटपणा पुरतो.

कॅमेरा खाली आणणे हाही महत्त्वाचा भाग. टेबलाकडे आपण वरून पाहतो, दरीत उभे राहिल्यावर समोर पाहतो. म्हणून भिंग त्या इवल्या जगातल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर न्यायचे.

इतके करूनही काही गोष्टी हट्टाने आपला आकार सांगतात. पाणी त्यांतले पहिले. थेंबाचा आकार पृष्ठताणावर ठरतो, तो दृश्याच्या प्रमाणात लहान करता येत नाही. त्यामुळे टेबलावरची नदी लगेच उघडी पडते. ज्योतीचेही तसेच. मिठाचा कण मात्र मदतीला येतो. पन्नासात एक या प्रमाणाच्या मांडणीत पाव-अर्ध्या मिलिमीटरचा कण सव्वा ते अडीच सेंटिमीटरच्या खड्यासारखा दिसतो, आणि डोळा तो मान्य करतो.

हीच युक्ती उलटीही चालते. जळगावातल्या एखाद्या उंच इमारतीवरून खालच्या बाजारपेठेचा फोटो घ्या आणि मोबाइलमधल्या सोयीने त्याचा वरचा व खालचा पट्टा धूसर करा. हातगाड्या, रिक्षा, माणसे सगळी खेळण्यातली वाटू लागतात. खरी बाजारपेठ तिथे आहे, एकही वस्तू बदललेली नाही, फक्त धूसरतेची खूण चुकीच्या जागी ठेवली आहे. फोटो पाहताना अंतर, आकार आणि हवा यांचा निम्मा हिशेब आपणच मनात पुरा करतो, हे यावरून कळते. टेबलटॉप करणारा कलावंत त्या हिशेबाला कच्चा माल पुरवतो. अंदाज पाहणाऱ्याचा असतो.

आणि म्हणून मूस यांच्या कामाला मी फसवणूक मानत नाही. प्रकाश खरोखर पडला होता, वस्तू खरोखर तिथे होत्या, निगेटिव्हवर जे उमटले ते त्या प्रकाशानेच उमटवले. शिवाय हे टेबलटॉप आहे, हे त्या प्रकाराच्या नावातच आहे.

अजिंठ्याची दोन डोळ्यांची छायाचित्रे

यंत्र खोटे बोलत नाही, हा समज छायाचित्रणाइतकाच जुना आहे आणि पहिल्या दिवसापासून अपुरा आहे. याचा दाखलाही जवळचाच. अजिंठ्याची लेणी जिल्ह्याने संभाजीनगरची असली तरी रेल्वेने येणारे बरेच प्रवासी जळगावला उतरतात. १८४४ मध्ये मद्रास लष्करातला अधिकारी रॉबर्ट गिल याची तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. वर्षानुवर्षे खपून त्याने केलेल्या मोठमोठ्या तैलचित्रांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. मधल्या काळात त्याने कॅमेराही हाती घेतला होता. त्याची लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकरूपाने आली. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

हाती कॅमेरा असताना रंगांसाठी गिलला कुंचलाच का लागला? एक तर गुहांत अंधार. पण त्याहून मोठे कारण रसायनाचे. त्या काळच्या काचेच्या प्लेटवरचा थर निळ्या प्रकाशालाच नीट दाद देत असे. तांबडा आणि पिवळा त्याला जवळजवळ दिसतच नसत. अजिंठ्याची चित्रे मुख्यतः गेरू आणि पिवळ्या मातीच्या रंगांची, मधे कुठे लाजवर्दी निळा. अशा प्लेटवर गेरूची उजळ अंगकांती काळी पडली असती आणि गडद निळा पांढुरका झाला असता. प्रकाशाने प्रामाणिकपणे काढलेले हे चित्र रंगांच्या बाबतीत कुंचल्यापेक्षा खोटे निघाले असते.

गिलचा कॅमेरा मात्र एका गोष्टीत टेबलटॉपच्या नेमका उलट होता. त्याने स्टिरिओ छायाचित्रे घेतली, म्हणजे दोन डोळ्यांच्या दोन जागांवरून दोन चित्रे. दोन भिंगांच्या पेटीतून ती पाहिली की खांब पुढे येतात, गाभारा मागे जातो. मूस यांची पहिली युक्ती, एक डोळा मिटण्याची, इथे चालत नाही. तरी इथेही वाट आहेच. दृश्य जितके लहान केले तितकेच दोन भिंगांमधले अंतरही लहान केले तर टेबल स्टिरिओतसुद्धा दरी दिसेल. म्हणून पुरातत्त्वाच्या छायाचित्रात वस्तूशेजारी मोजपट्टी किंवा माणूस उभा करतात. भूमितीला फसवता येते, म्हणून शेजारी ओळखीचे माप ठेवायचे.

फोनच्या आतली पीक कापणी

आता डिजिटल कॅमेरा. त्याच्या सेन्सरवर प्रकाश मोजणाऱ्या बारीक खाचा असतात. खाचेला रंग कळत नाही, फक्त उजेड कमी की जास्त एवढेच कळते. म्हणून प्रत्येक खाचेवर लाल, हिरवी किंवा निळी काच बसवतात. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांनी ही मांडणी सुचवली, तिचे पेटंट १९७६ चे. निम्म्या खाचा हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. फोटो १२ मेगापिक्सेलचा असेल तर १ कोटी २० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तिन्ही रंगांचे आकडे हवेत, म्हणजे एकूण ३ कोटी ६० लाख. सेन्सरने मोजले १ कोटी २० लाख. उरलेले २ कोटी ४० लाख आकडे शेजारच्या खाचांवरून अंदाजाने भरले जातात.

खानदेशातल्या शेतकऱ्याला ही पद्धत चांगली माहीत आहे. पीक विम्यासाठी महसूल मंडळातल्या निवडक शेतांत ठरावीक मापाचे चौकोन आखून तेवढेच पीक कापतात, वजन करतात आणि त्यावरून सगळ्या मंडळाचे उत्पादन ठरवतात. अंदाज सहसा बरा निघतो, कारण शेजारच्या शेतांत पाऊस आणि माती सारखीच असते. पण एखाद्याच्याच वावरात गारपीट झाली असेल तर ती या अंदाजात येत नाही. सेन्सरचेही तसेच. निळ्या आभाळात किंवा भिंतीवर अंदाज बिनचूक बसतो. पैठणीच्या जरीत, बारीक चौकडीच्या शर्टात तो चुकतो आणि तिथे नसलेले रंगीत पट्टे उमटतात.

यापुढची पायरी रात्रीच्या फोटोची. इथे अनेकांचा गैरसमज होतो. फोन रात्री एकच फोटो घेत नाही. तो पाठोपाठ अनेक कमी उजेडाच्या चौकटी घेतो, हात हलल्याने सरकलेली चित्रे जुळवतो आणि त्यांची सरासरी काढतो. कमी उजेडात येणारी ठिपक्यांची कचकच प्रत्येक चौकटीत वेगळ्या ठिकाणी असते, म्हणून सरासरीत ती विरते. १६ चौकटी जुळवल्या तर कचकच सुमारे पाव उरते. हा फोटो डोळ्यांनी पाहिल्यापेक्षा उजळ आणि रंगीत दिसतो, पण त्यात बनवाबनवी नाही. अंधारात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ थांबतात, म्हणून आपल्याला रंग दिसत नाहीत. ते तिथे असतातच. इथे अपुरा पडतो तो आपला डोळा.

पोर्ट्रेटची सोय मात्र वेगळी. मोठ्या भिंगाने मागचे दृश्य आपोआप पुसट होते. फोनचे भिंग लहान, त्याला हे जमत नाही. म्हणून माणूस कुठे संपतो आणि मागची भिंत कुठे सुरू होते याचा अंदाज सॉफ्टवेअर करते आणि भिंत रंगवून धूसर करते. लग्नातले असे फोटो मोठे करून पाहा. नवरीच्या मुंडावळ्यांचा दोरा किंवा कपाळावरची बट कधी अर्धी स्पष्ट, अर्धी धुक्यात गेलेली सापडेल.

आणि मग चंद्र. इथे अंदाज शेजारच्या खाचांवरून होत नाही, पूर्वी पाहिलेल्या दुसऱ्या हजारो फोटोंवरून होतो. आपल्या शिवारातले पीक न मोजता दुसऱ्याच तालुक्याच्या आकड्यांवरून आपला उतारा लिहावा, तसे हे आहे. चंद्राच्या बाबतीत तो उतारा जुळतो, कारण चंद्र एकच आहे. माणसांचे चेहरे तसे नसतात.

*चौकट: फोटो पाहताना काय विचारावे*

*हा प्रकाश कोणत्या वस्तूवरून आला? वस्तूच नसेल तर ते छायाचित्र नव्हे, चित्र आहे. यातले काय मोजलेले आणि काय अंदाजाने भरलेले? अंदाज कशावरून केला, याच दृश्याच्या शेजारच्या भागावरून की परक्या चित्रांवरून? आणि भरणाऱ्याने ते सांगितले आहे का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे काहीही असली तरी फसवणूक होत नाही.*

जिथे प्रकाशच नाही

कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेले चित्र या ओळीत सगळ्यांत टोकाला बसते. त्याची रीत अशी. यंत्राला असंख्य फोटो त्यांच्या वर्णनांसह दाखवतात. प्रत्येक फोटोवर थोडीथोडी कचकच मिसळत जातात, शेवटी नुसते ठिपके उरेपर्यंत. मिसळलेली कचकच ओळखून काढायची कशी, हे यंत्र शिकते. मग त्याला पहिल्यापासूनच अर्थहीन ठिपके देतात आणि सांगतात, ‘यात पावसातला बैल आहे, तो काढ.’ यंत्र टप्प्याटप्प्याने कचकच काढत जाते आणि बैल दिसू लागतो. कुठल्याही बैलावरून प्रकाश आलेला नसतो. तो पूर्णपणे अंदाज असतो, अनेकांच्या फोटोंतून झालेला.

डोळ्याने हे ओळखता येईल, या भरवशावर आता राहू नये. २०२३ मध्ये सोनी वर्ल्ड फोटोग्राफी ॲवॉर्ड्स स्पर्धेत बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताच्या दोन स्त्रियांच्या कृष्णधवल चित्राला बक्षीस मिळाले. ते यंत्राने केलेले आहे, असे सांगून त्याने बक्षीस नाकारले. पुढच्या वर्षी उलटे घडले. माइल्स ॲस्ट्रे या छायाचित्रकाराने डोके पोटाशी नेऊन खाजवणाऱ्या, म्हणून बिनडोक्याच्या दिसणाऱ्या रोहित पक्ष्याचा खराखुरा फोटो दुसऱ्या एका स्पर्धेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता विभागात पाठवला. तो बक्षीसपात्र ठरला आणि खरा असल्याचे कळल्यावर बाद झाला. दोन्ही वेळा परीक्षक कसलेले होते. नुसत्या चित्रातून त्याचा उगम कळत नाही, एवढेच यावरून सिद्ध होते.

म्हणून आता उगमाची नोंद फोटोसोबतच ठेवण्याचे प्रयत्न चालले आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये लायका कंपनीने अशी नोंद करणारा कॅमेरा बाजारात आणला. बटण दाबताच फोटोतल्या आकड्यांपासून एक छोटी खूण गणिताने काढली जाते आणि तिच्यावर कॅमेऱ्याची डिजिटल सही होते. पुढे एक ठिपका बदलला तरी खूण जुळत नाही. केलेले बदल नोंदवून ठेवता येतात. सोय चांगली आहे, तिच्या मर्यादाही माहीत असाव्यात. स्क्रीनशॉट घेतला किंवा फोटो व्हॉट्सॲपवरून चार हात फिरला की ही नोंद गळून पडू शकते. शिवाय सही एवढेच सांगते की या कॅमेऱ्यासमोर या वेळी हा प्रकाश होता. मूस यांच्या टेबलाचा फोटो अशा कॅमेऱ्याने घेतला असता तर त्यालाही अस्सल सही मिळाली असती. ती दरी नसून कापूस आहे, हे कॅमेरा सांगू शकत नाही. ते माणसानेच सांगावे लागते.

रिकामी जागा रिकामी दाखवणे

हे सांगण्याची शिस्त आपल्याकडे नवी नाही. धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या मृत्यूनंतर १९२७ मध्ये सुरू झालेले राजवाडे संशोधन मंडळ जुनी कागदपत्रे जपते. अशी पत्रे छापताना जाणते संपादक एक नियम पाळतात. कागद कसरीने खाल्ला असेल, शब्द फाटला असेल, तिथे टिंबे द्यायची. अंदाजाने शब्द घालायचाच तर कंसात घालायचा, म्हणजे वाचणाऱ्याला मूळ आणि भर वेगळी कळते. इटलीतल्या भित्तिचित्रांचे जतन करणाऱ्यांनी विसाव्या शतकात हेच रंगांत आणले. पडलेला भाग ते बारीक उभ्या रेघांनी भरतात. लांबून चित्र सलग दिसते, जवळ गेले की भरलेली जागा ओळखू येते.

अजिंठ्याच्या बाबतीत आज हा प्रश्न जिवंत आहे. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार अनेक वर्षे या चित्रांचे तपशीलवार फोटो घेऊन संगणकावर त्यांची हरवलेली रूपे पुन्हा उभी करण्याचे काम करत आहेत. भिंतीला हात न लावता हे करता येते, हा डिजिटल तंत्राचा मोठा गुण. खरवडलेल्या भिंतीसमोर काही न कळता परतणाऱ्या सामान्य माणसाला अशा चित्रातून लेण्यांची श्रीमंती समजते. माझा आग्रह एवढाच की अशी कोणतीही पुनर्रचना, कोणीही केलेली असो, आजच्या भिंतीच्या फोटोशेजारीच दाखवावी. नाहीतर चार वर्षांत शाळेच्या पुस्तकांत आणि फोनवर पुनर्रचनाच ‘अजिंठा’ म्हणून फिरू लागेल.

आजोबांचा फोटो

हे सगळे घराघरांत पोचले आहे, आणि माझी खरी काळजी तिथली आहे. खानदेशातल्या कितीतरी घरांत आजोबांचा एकुलता एक फोटो असतो, तोही ओळखपत्रावरचा नाहीतर लग्नाच्या घोळक्यातला. पूर्वी तो स्टुडिओत देऊन मोठा करून घेत. कलाकार हाताने फेटा रंगवी, खांद्यावर उपरणे काढी. ते रंगवलेले आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक असे. आता तोच फोटो ॲपमध्ये टाकला की क्षणात चेहरा लख्ख होतो, डोळ्यांत चमक येते, कातडीचे रंध्र दिसू लागते. पाहून घरच्यांचे डोळे भरून येतात.

पण घोळक्यातल्या त्या चेहऱ्याला फोटोत जेमतेम ४० ठिपक्यांची रुंदी असते. पापण्या, रंध्रे, बुबुळातली चमक त्यात मावूच शकत नाहीत. ॲपने ती दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरून भरलेली असतात. भुवईचा कोन, ओठांची कड थोडी सरासरीकडे सरकते. आजोबांना पाहिलेले लोक आहेत तोवर ‘काहीतरी वेगळे वाटते’ असे ते म्हणतील. त्यांच्यानंतर म्हणायला कोणी उरणार नाही, आणि अनोळखी माणसांच्या सरासरीतून आलेले ते डोळे आजोबांचे म्हणून भिंतीवर राहतील. चंद्राचा पाठ केलेला चेहरा निदान चंद्राचाच असतो.

म्हणून विनंती आहे. उजळलेला फोटो हवा तर जरूर लावा, पण मूळ कागद टाकू नका. त्याचा साधा, न सुधारलेला स्कॅन करून ठेवा. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नाव, गाव, अंदाजे साल आणि फोटो कुठे काढला ते लिहा. उजळलेल्या प्रतीवर ‘ॲपने सुधारलेली’ एवढे दोन शब्द घाला. मोबाइलमध्येही बदललेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा, मूळ फाइलवर चढवू नका. आणि चाळीसगावला गाडी बदलायला तासभर थांबावे लागले तर स्टेशनजवळच्या त्या घरात जाऊन मूस यांची छायाचित्रे समोर उभे राहून पाहा.